सत्तावीस नंबर

चिठ्ठी एवढीशी, बसच्या तिकिटाइतकी.
वर नाव, खाली आकडा.
पेटीत टाकली की परत मिळायची नाही,
आणि दुसऱ्यांनी किती लिहिलं ते कळायचं नाही.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
या कागदावर मोकळी जागा आहे
ती मात्र मोलाचीच.

टेबलावर ती उभी आहे. सत्तावीस नंबर.
हात नाहीत, पाय नाहीत,
लाकडाचं गोल डोकं, लाकडाचंच अंग,
अंगावर तीन लाल शेवंत्या, कडेला विटलेल्या.
कातारी कुमेजिरोंच्या शेवटच्या हिवाळ्यातली,
कुरोसु सांगतो, आणि डाव्या डोळ्याकडे बोट नेतो:
रेघ थरथरली आहे.
हा दोष धरायचा की दुर्मिळपणा
ते तो बोलत नाही. दुकानदार आहे.

माझा नियम साधा होता.
एका बाहुलीला रॉकेलचे दोन डबे, त्यावर नाही.
जानेवारीत सहा लागतात,
तेही एकच खोली उबदार ठेवायची म्हटली तर.
बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
चारशे पोरांचं सूप मी डावाने मोजून वाढलं.
एका वाटीत डाव जास्त पडला
की शेवटच्या बाकावर कोण उपाशी राहतं,
हे मला कुणी शिकवायला नको.

घरी एकशे चौदा आहेत.
फडताळात, फ्रिजवर,
दाराशी, जिथे नवऱ्याचे बूट असायचे तिथे.
मुलगा सेंदाईहून येतो तेव्हा नजरेने मोजतो.
परवा म्हणाला, आई, दात कधी बसवणार?
म्हटलं, यांना तरी कुठे आहेत.
तो हसला नाही.

आता ती गोष्ट, जी खर्चाच्या वहीत
कुठल्याच रकान्यात बसली नाही.
कुमेजिरो होते तेव्हा मी एकदा त्यांच्याकडे गेले होते.
भुवयांवर लाकडाचा कीस,
गुडघ्यावर चहाचा पेला.
एक बाहुली उचलून त्यांनी तिचं डोकं फिरवलं:
कुईंऽ
नारुकोच्या बाहुल्या अशा मानेतून बोलतात.
अठराशे येन, ते म्हणाले.
पुढच्या वेळी, मी म्हणाले.
आणि हात आखडता घेतल्याचं समाधान
बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आले.

पुढच्या वेळी दाराला कुलूप होतं.

ती ही नव्हे. ही दुसरी. मला माहीत आहे.

पेन्सिल दोरीने बांधलेली, दोरी आखूड.
पंधरा हजार लिहिताना लाज वाटते.
चाळीस हजारांत दात येतात, निदान वरचे.
शेजारचा टोपीवाला, बुटांवरून तोक्योचा,
न थांबता लिहितो, घडी घालतो, मोकळा होतो.
त्याला कुठल्या खोलीत थंडी वाजते, कुणास ठाऊक.

कुरोसुला विचारलं, मान फिरवू का?
फिरवली. काही नाही.
पुन्हा फिरवली, कान जवळ नेऊन,
तेव्हा कुईं झालं.
ते तिचं की माझ्या मानेचं,
आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

लिहिलं: चोवीस हजार.
म्हणजे अकरा डबे.
म्हणजे मार्चपर्यंत दोन स्वेटर आणि लवकर झोप.
नियम मोडला तो मोडलाच,
निदान कितीने मोडला ते ठाऊक असावं.

घडी घातली. पेटीपर्यंत गेले.
परत येऊन उघडली,
खोडलं,
आणि नीट अक्षरात लिहिलं
पंचवीस हजार आठशे.

पेटी उघडेल तेव्हा कुरोसु म्हणेल,
हा कसला आकडा, म्हातारीचा हिशेब कच्चा दिसतोय.
कच्चा नाही. वरचे अठराशे
मागची बाकी आहे.

निकाल चार वाजता.
शेवटची बस पावणेचारची.
मी बाकावर बसते, फडकं सोडते,
भाताचा गोळा खाते हळूहळू,
उजव्या बाजूने,
जिकडे दात आहेत.